कंसातले प्रश्नचिन्ह : रेग्युलर एक्स्प्रेशनमधील खास गट आणि मराठी मजकूर

रेग्युलर एक्स्प्रेशन शोधणाऱ्या इंजिनला पुढचा नमुना दिला, तर ते मजकुरात नेमके काय शोधते, इथून या विषयाची सुरुवात होते.

हिंगोली?

‘?’ या चिन्हाचा अर्थ ‘आधीचा घटक असला तरी चालेल, नसला तरी चालेल’ असा आहे. वाचणाऱ्याच्या लेखी आधीचा घटक म्हणजे ‘ली’ हे अक्षर. इंजिनच्या लेखी तो घटक म्हणजे फक्त दीर्घ वेलांटी. त्यामुळे हा नमुना ‘हिंगोली’ शोधतो आणि ‘हिंगोल’ही शोधतो, ‘हिंगो’ मात्र त्याला सापडत नाही. संपूर्ण ‘ली’ वैकल्पिक करायची असेल, तर असे लिहावे लागते:

हिंगो(?:ली)?

उघडा कंस, त्याला लागून प्रश्नचिन्ह, मग कोलन, मग मजकूर आणि शेवटी बंद कंस. कंसाच्या आत पहिल्याच जागी बसलेले हे प्रश्नचिन्ह ‘वैकल्पिक’ या अर्थाचे नाही. हा कंस साधा नाही, एवढीच सूचना ते देते. त्याच्यानंतरचे चिन्ह बदलले की कंसाचे काम बदलते. कोलन आला तर नुसता गट, बरोबरीचे चिन्ह आले तर ‘पुढे हे आहे का ते पाहा’, उद्गारचिन्ह आले तर ‘पुढे हे नाही ना ते पाहा’. या रचनेला खास गटरचना म्हणता येईल. ती कशी वाचली जाते, वाचणारी लायब्ररी कुठे अडते आणि मराठी मजकुरावर काम करणाऱ्याला तिची गरज इतरांपेक्षा जास्त का पडते, हा पुढील विवेचनाचा विषय आहे.

शेवटचा मुद्दा आधी घेणे योग्य. युनिकोडमध्ये देवनागरीसाठी १२८ जागांचा एक ठोकळा राखलेला आहे आणि त्यात व्यंजन, मात्रा, अनुस्वार, हलन्त या प्रत्येकाला स्वतंत्र जागा, म्हणजे स्वतंत्र कोडपॉइंट आहे. माणूस ‘हिं’ हे एक अक्षर वाचतो. संगणकाकडे ते ह, ऱ्हस्व वेलांटी आणि अनुस्वार असे तीन कोडपॉइंट असतात. हिंगोली जिल्ह्यातल्या पाच तालुक्यांची नावेच मोजून पाहावीत. ‘हिंगोली’ डोळ्यांना तीन अक्षरांची, संगणकाला सात कोडपॉइंटची. ‘सेनगाव’ चार अक्षरांचे, सहा कोडपॉइंटचे. ‘कळमनुरी’ पाच अक्षरांची, पण कोडपॉइंट सातच. ‘वसमत’ला काना-मात्रा-वेलांटी काहीच नाही, म्हणून तिथे चारास चार. आणि ‘औंढा’ दोन अक्षरांचे असूनही चार कोडपॉइंटचे. म्हणजे डोळ्यांना आखूड दिसणारी हिंगोली आणि लांब दिसणारी कळमनुरी इंजिनच्या मापाने सारख्याच लांबीच्या आहेत. हे माप पुढे मागे-पाहणाऱ्या गटांच्या वेळी थेट आडवे येते.

रोमन लिपीत लिहिणाऱ्याला एका अक्षराला वैकल्पिक करण्यासाठी किंवा त्याची पुनरावृत्ती सांगण्यासाठी कंस लागत नाही. तिथे एक अक्षर हाच बहुधा एक घटक असतो. मराठीत एक अक्षर हा घटक आपोआप मिळत नाही, तो कंसाने तयार करावा लागतो. म्हणूनच रेग्युलर एक्स्प्रेशन शिकवताना गटांना उशिराच्या प्रकरणात ढकलणे मराठी विद्यार्थ्याच्या दृष्टीने चुकीचे आहे. मराठीसाठी गट हा पहिल्या प्रकरणाचा विषय आहे.

चौकटी कंसांचीही हीच गोष्ट. चौकटी कंसात लिहिलेल्या चिन्हांपैकी कोणतेही एक चालते. क[ळल]मनुरी हा नमुना ‘कळमनुरी’ आणि ‘कलमनुरी’ ही दोन्ही रूपे नीट पकडतो, कारण ळ आणि ल हे एकेक कोडपॉइंट आहेत. पण कोणी ‘ढा किंवा ढे’ या अर्थाने चौकटी कंसात ‘ढाढे’ लिहिले, तर इंजिनला तिथे ढ, काना आणि एक मात्रा अशी तीन सुटी चिन्हे दिसतात आणि त्यांपैकी एकच ते उचलते. पूर्ण अक्षरांतली निवड गोल कंसातच करावी लागते: (?:ढा|ढे).

गोल कंसांचा हा वापर मुळात गणिताच्या कंसांसारखाच होता. अमेरिकी तर्कशास्त्रज्ञ स्टीफन क्लीनी यांनी १९५१ साली रँड कॉर्पोरेशनसाठी लिहिलेल्या टिपणात मज्जापेशींच्या जाळ्यांचे वर्णन करण्यासाठी ‘रेग्युलर’ घटनांची बीजगणिती मांडणी केली. ते लेखन १९५६ मध्ये प्रसिद्ध झाले. तिथे कंसाचे काम एकच होते, कोणती क्रिया आधी हे सांगण्याचे. १९६८ मध्ये केन थॉम्प्सन यांनी अशा नमुन्याचे रूपांतर शोधयंत्रात करण्याची पद्धत प्रसिद्ध केली आणि नंतर युनिक्सच्या संपादकांत व ग्रेप या आज्ञेत ही कल्पना रुजली. याच प्रवासात कंसाला दुसरे काम लागले. कंसात जे सापडले ते लक्षात ठेवायचे आणि मागाहून क्रमांकाने परत द्यायचे.

लॅरी वॉल यांची पर्ल ही भाषा १९८७ ची. १९९४ मध्ये तिची पाचवी आवृत्ती आली, तेव्हा कंसाला आणखी कामे देण्याची निकड निर्माण झाली. पण चिन्हे संपली होती. नवे चिन्ह घ्यावे तर जुन्या कार्यक्रमांत ते साध्या अक्षरासारखे वापरलेले असण्याची शक्यता, आणि मग हजारो जुने नमुने बिघडणार. उपाय फार सुंदर निघाला. उघड्या कंसानंतर लगेच प्रश्नचिन्ह येणे हे जुन्या व्याकरणात मुळातच चूक होते. ‘आधीचा घटक वैकल्पिक’ म्हणायचे तर कंसाच्या तोंडाशी आधीचा घटकच नसतो. चूक असल्यामुळे ती जोडी कोणत्याही चालू नमुन्यात असणे शक्य नव्हते. ही रिकामी जागा पर्लने घेतली. आज (?:…), (?=…), (?!…), (?<=…), (?>…) अशी जी सारी मंडळी दिसतात, ती या एका मोकळ्या जागेत वसलेली आहेत.

मराठी वाचकाला या कल्पनेचे फारसे नवल वाटू नये. पाणिनीच्या अष्टाध्यायीत ‘इत्’ नावाचे वर्ण असतात. ‘क्त’ या प्रत्ययातला क् उच्चारात कधीच येत नाही. ‘कृ’ला तो प्रत्यय लागून ‘कृत’ होते तेव्हा उरतो फक्त ‘त’. क् तिथे असतो तो धातूच्या स्वराला गुण होऊ नये एवढे सांगण्यासाठी, आणि सांगून झाले की तो लोपतो. (?: मधले प्रश्नचिन्ह आणि कोलन अगदी तसेच आहेत. मजकुरात ते शोधले जात नाहीत. वाचणाऱ्याला सूचना देतात आणि नाहीसे होतात.

हा वाचणारा म्हणजे पार्सर. नमुना मजकुरावर लावण्याआधी लायब्ररी तो डावीकडून उजवीकडे वाचते आणि त्याचे झाड तयार करते. मुळाशी पर्याय असतात, उभ्या रेघेने वेगळे केलेले. प्रत्येक पर्यायात एकामागून एक घटक. आणि घटक म्हणजे एक चिन्ह, एक चौकटी कंस किंवा एक गट. गटाच्या आत पुन्हा पर्याय असू शकतात, त्यांच्या आत पुन्हा गट. कंसात कंस किती खोल जाईल याला मर्यादा नसल्यामुळे हे काम शास्त्रीय अर्थाच्या रेग्युलर एक्स्प्रेशनने होऊच शकत नाही. कंसांच्या जोड्या जुळवायला उघडलेल्या कंसांची आठवण ठेवावी लागते. म्हणून सर्वच लायब्रऱ्या इथे स्वतःलाच पुन्हा बोलावणारे फंक्शन किंवा स्टॅक वापरतात.

पायथनच्या ‘आरई’ मोड्यूलमधला पार्सर या बाबतीत वाचण्यासारखा आहे. उघडा कंस दिसला की तो पुढचे चिन्ह पाहतो. ते प्रश्नचिन्ह नसेल तर साधा, लक्षात ठेवणारा गट. त्याला पुढचा क्रमांक दिला जातो. प्रश्नचिन्ह असेल तर तिसरे चिन्ह वाचून वाट ठरते. कोलन असेल तर क्रमांक न देता आतला मजकूर वाचायला घ्यायचा. हॅशचे चिन्ह # असेल तर ती टीप. पहिला बंद कंस येईपर्यंत सगळे टाकून द्यायचे. बरोबरी किंवा उद्गार असेल तर पुढे पाहायचे. आणखी एक उघडा कंस असेल तर ती अट. ‘मोठे’ चिन्ह > असेल तर न उसवणारा गट. रोमन पी असेल तर नाव दिलेला गट. आणि ‘लहान’ चिन्ह < असेल तर अजून निर्णय होत नाही, चौथे चिन्ह वाचावे लागते. ते बरोबरी किंवा उद्गार असेल तर मागे पाहणारा गट. दुसरे काही असेल तर पायथन सरळ चूक दाखवते.

इथेच भाषाभाषांतला एक जुना भेद लपला आहे. गटाला नाव देण्याची सोय पायथनने आधी केली आणि आपली खूण म्हणून त्यात रोमन पी ठेवला. नंतर डॉटनेटने तो पी गाळून (?<नाव>…) अशी रचना घेतली, पर्लने २००७ च्या ५.१० या आवृत्तीत आणि जावास्क्रिप्टने २०१८ मध्ये हीच उचलली. पायथनच्या अंगभूत पार्सरला मात्र पी लागतोच. एका लायब्ररीतला नमुना दुसरीत जशाच्या तसा चिकटवणारे नेमके इथे अडखळतात.

मराठी कीबोर्डवर आणखी एक सापळा आहे, आणि तो पडद्यावर दिसत नाही. कोलनच्या जागी विसर्ग टाइप होतो. (?:ली) आणि (?ःली) यांत डोळ्यांना फरक जाणवणे कठीण, पण पार्सरच्या दृष्टीने प्रश्नचिन्हानंतर देवनागरीतले एक अनोळखी चिन्ह आलेले असते. पायथन अशा वेळी ‘हा विस्तार ओळखीचा नाही’ या अर्थाचा संदेश देते. असा संदेश आला आणि नमुना तर बरोबर दिसतो, अशी स्थिती असेल, तर पहिला संशय विसर्गावर घ्यावा.

आता गट प्रत्यक्ष काम करताना पाहावेत. मराठीत ‘गट’ या शब्दाला जमिनीच्या व्यवहारात आधीच एक पक्का अर्थ आहे. सातबाऱ्यावर गट क्रमांक असतो, त्याखाली हिस्से असतात. उदाहरणादाखल एक ओळ घेऊ:

मौजे नर्सी, ता. हिंगोली, गट नं. ११७/२

आणि तिच्यासाठी हा नमुना:

(?:गट|सर्व्हे) नं\. (?<क्रमांक>[०-९]+)(?:/(?<हिस्सा>[०-९]+))?

पहिला गट केवळ निवडीसाठी आहे. काही कागदांवर ‘गट’ असते, काहींवर ‘सर्व्हे’. कोणता शब्द होता हे लक्षात ठेवायचे नाही, म्हणून कोलन. दुसरा गट नावाचा. त्यात ११७ अडकतो. तिसरा पुन्हा बिननावाचा, पण त्याच्या पोटात चौथा, ‘हिस्सा’ नावाचा. बाहेरच्या गटावर शेवटचे प्रश्नचिन्ह लागले आहे, कारण हिस्सा नसतो तेव्हा तिरकी रेघही नसते. दोन्ही एकत्र असतात किंवा दोन्ही नसतात. ही ‘दोन्ही मिळून’ची अट गटावाचून सांगताच येत नाही. ओळीत नुसते ‘गट नं. ११७’ असेल तर नमुना जुळतो, पण ‘हिस्सा’ रिकामा येतो, आणि तो रिकामा येणार हे पुढच्या कार्यक्रमाने गृहीत धरावे लागते. आणखी एक बारकावा: हिस्स्याचे उपहिस्से असतील म्हणून लक्षात ठेवणाऱ्या गटावरच पुनरावृत्ती लावली, तर बहुतेक लायब्रऱ्यांत फेऱ्या कितीही झाल्या तरी हाती शेवटचीच फेरी लागते. आधीच्या फेऱ्यांतले आकडे पुसले जातात.

नावे न देता क्रमांकांवर विसंबले तर काय होते, तेही पाहण्यासारखे आहे. गटांचे क्रमांक उघड्या कंसांच्या क्रमाने पडतात.

(ता\. (हिंगोली|सेनगाव)), (जि\. (परभणी|हिंगोली))

यात पहिला क्रमांक ‘ता. हिंगोली’ या पूर्ण तुकड्याचा, दुसरा नुसत्या तालुक्याचा, तिसरा जिल्ह्यासह तुकड्याचा आणि चौथा नुसत्या जिल्ह्याचा. परभणी इथे हवेच. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला, त्यामुळे त्याआधीच्या कागदांवर याच गावांपुढे ‘जि. परभणी’ असते. आता कोणी ‘मौजे’ या शब्दासाठी सुरुवातीला एक साधा कंस वाढवला, तर पुढचे चारही क्रमांक एकेकाने सरकतात. कार्यक्रम थांबत नाही, चूक दाखवत नाही. फक्त तालुक्याच्या रकान्यात ‘ता. हिंगोली’ आणि जिल्ह्याच्या रकान्यात ‘जि. परभणी’ असे पडू लागते. (?: हा या दुखण्यावरचा पहिला इलाज आणि नाव हा दुसरा. नाव देवनागरीत ठेवण्याची मुभा पायथन आणि जावास्क्रिप्ट देतात. जावामध्ये मात्र नावासाठी रोमन अक्षरे आणि अंकच चालतात.

पुढे पाहणारे गट मजकूर खात नाहीत, एवढे त्यांचे वैशिष्ट्य. हिंगोली तालुक्यातले नर्सी हे संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाते आणि त्याला नर्सी नामदेव म्हणतात. नर्सी नावाचे दुसरे गाव शेजारच्या नांदेड जिल्ह्यात नायगावजवळ आहे. नर्सी(?= नामदेव) हा नमुना पहिले गाव पकडतो, पण सापडलेल्या तुकड्यात ‘नामदेव’ येत नाही. नर्सी(?! नामदेव) हा नेमका उलट. हीच गोष्ट औंढ्याची. नागनाथाचे ज्योतिर्लिंग असलेले औंढा आणि नाशिक जिल्ह्यातला औंढा किल्ला यांची गल्लत औंढा(?= नागनाथ) असे लिहून टाळता येते.

मागे पाहणारे गट दिसायला यांचीच जुळी भावंडे, पण इंजिनला ते जड जातात. मागे जायचे तर किती मागे जायचे हे आधी कळावे लागते. पायथनचा नियम कडक आहे: गटातले सर्व पर्याय सारख्याच लांबीचे हवेत. (?<=वसमत|औंढा) हे पायथनला मान्य, कारण दोन्ही चार कोडपॉइंटचे. (?<=हिंगोली|कळमनुरी) हेही मान्य, सातास सात. पण (?<=हिंगोली|सेनगाव) नामंजूर होते, कारण सातासमोर सहा आले. कोडपॉइंटचे गणित माहीत नसेल, तर तीन अक्षरी आणि पाच अक्षरी नावे एकत्र चालतात आणि तीन अक्षरी व चार अक्षरी चालत नाहीत, याचा उलगडा कोणालाच होणार नाही. पर्याय वेगवेगळ्या लांबीचे पण प्रत्येकी ठरलेल्या लांबीचे असतील, तर पर्ल आणि पीसीआरई ही लायब्ररी ते स्वीकारतात. डॉटनेट आणि जावास्क्रिप्ट यांना लांबीचे बंधनच नाही.

मराठी शब्दांचा खरा कस लागतो तो सामान्यरूपात. कोणी ‘औंढाला गेलो’ म्हणत नाही. औंढ्याला जातात, औंढ्यात उतरतात, औंढ्याहून परततात. ‘औंढा’ हा नमुना या तिन्ही रूपांत कुठेच सापडत नाही, कारण ढ नंतर कानाऐवजी हलन्त आणि य आलेले असतात. नमुना असा लिहावा लागतो:

औं(?:ढ्या(?:ला|त|चा|ची|चे|हून)?|ढा)

ढ दोन्ही पर्यायांत आहे, तेव्हा तो कंसाबाहेर काढून जागा वाचवता आली असती. तसे करू नये. ढ बाहेर काढला की गटाची सुरुवात मात्रेने किंवा हलन्ताने होते, आणि ते चिन्ह आधीच्या कोलनला किंवा उभ्या रेघेला चिकटून, ठिपक्यांच्या वर्तुळासह, विद्रूप दिसते. इंजिनला फरक पडत नाही. सहा महिन्यांनी तो नमुना उघडणाऱ्या माणसाला पडतो. गट नेहमी पूर्ण अक्षराने सुरू व्हावा, हा नियम मराठी नमुन्यांसाठी पाळण्याजोगा आहे.

पर्यायांचा क्रमही तितकाच महत्त्वाचा. पर्ल, पायथन, जावास्क्रिप्ट यांची इंजिने पर्याय डावीकडून तपासतात आणि पहिला जुळला की तोच घेतात. (?:औंढा|औंढा नागनाथ) असे लिहिले तर ‘औंढा नागनाथ’ समोर असूनही हाती ‘औंढा’च येते. लांब पर्याय आधी ठेवावा, किंवा औंढा(?: नागनाथ)? असे लिहावे. नावांची दुहेरी रूपे असतील तिथे हीच पद्धत सोपी पडते: (?:व|ब)समत(?:नगर)? एवढ्यात वसमत, बसमत आणि त्यांची ‘नगर’ जोडलेली रूपे अशी चारही येतात. वसमतच्या हळदीला आता भौगोलिक मानांकन आहे. तिच्या नोंदी शोधताना गावाच्या नावाचे एकच रूप धरले, तर दुसऱ्या रूपातल्या नोंदी कायमच्या नजरेआड राहतात.

गटाच्या आत आणि गटाच्या बाहेर अशा दोन्ही ठिकाणी पुनरावृत्ती लागली की धोका सुरू होतो. ([०-९]+)+/ हा नमुना वीस अंकांच्या, पण तिरकी रेघ नसलेल्या रांगेवर लावला, तर त्या वीस अंकांचे सलग तुकडे पाडण्याचे ५,२४,२८८ मार्ग आहेत, आणि साधे मागे फिरून तपासणारे इंजिन एकेक मार्ग चालून पाहते. अंक एकाने वाढला की संख्या दुप्पट. २ जुलै २०१९ रोजी क्लाउडफ्लेअर या कंपनीच्या जगभरच्या सेवा २७ मिनिटे कोलमडल्या, त्याला अशाच मागे फिरण्याने प्रोसेसर व्यापून टाकणारा एक नमुना कारण ठरला होता, (?: ने सुरू होणारा निरागस दिसणारा गट त्यातही होता. यावर न उसवणारा गट हा उपाय आहे: (?>[०-९]+)/ या नमुन्यात अंक एकदा घेतले की इंजिन ते परत सोडून पाहत नाही, रेघ नसेल तर तिथेच हार मानते. पायथनमध्ये ही सोय २०२२ च्या ३.११ आवृत्तीपासून आहे. दुसरा उपाय मुळावरचा आहे. गूगलच्या रस कॉक्स यांनी घडवलेले, २०१० मध्ये खुले झालेले आरई२ हे इंजिन थॉम्प्सन यांच्या मार्गाने जाते आणि मजकुराच्या लांबीच्या प्रमाणातच वेळ घेते. त्या बदल्यात पुढे-मागे पाहणारे गट त्याचा पार्सर दारातच नाकारतो. गो आणि रस्ट या भाषांच्या प्रचलित लायब्रऱ्यांनीही हाच मार्ग धरला आहे.

टिपांच्या गटाबद्दल थोडे. (?# पासून पहिल्या बंद कंसापर्यंतचा मजकूर पार्सर टाकून देतो, आणि त्यात मराठी खुलासा लिहिता येतो. पण पार्सर आतले कंस मोजत नाही. टिपेत ‘नर्सी (ता. हिंगोली) वगळून’ असे लिहिले, तर टीप ‘हिंगोली’नंतरच संपते आणि ‘ वगळून)’ हा तुकडा नमुन्याचा भाग होऊन जातो. प्रश्नचिन्हानंतर रोमन एक्स हे अक्षर घालून चालू होणारी मोकळ्या मांडणीची सोयही अशीच जपून वापरावी. ती चालू असताना नमुन्यातल्या रिकाम्या जागा गाळल्या जातात आणि ‘औंढा नागनाथ’ मधली फटही त्यासोबत जाते. लहान-मोठी लिपी एकच मानणारे रोमन आय देवनागरीला निरुपयोगी आहे, कारण देवनागरीत तो भेदच नाही.

शब्दाची सीमा हा मराठीसाठी सर्वात नाजूक प्रश्न, आणि तिथेही अखेर खास गटच कामी येतात. पायथनच्या अंगभूत लायब्ररीत ‘शब्दातले चिन्ह’ या वर्गात अक्षरे आणि अंक येतात, पण मात्रा, अनुस्वार आणि हलन्त येत नाहीत. या वर्गाची सलग रांग ‘हिंगोली’त शोधली तर हाती ह, ग, ल असे तीन सुटे तुकडे येतात. सीमेचे चिन्ह याच वर्गावर आधारलेले असल्याने शब्दाच्या पोटातच त्याला सीमा दिसतात. पायथनसाठीच वेगळी मिळणारी ‘रेजेक्स’ ही लायब्ररी मात्रांना शब्दातच धरते. ती वापरायची नसेल, तर सीमा हाताने बांधावी लागते. शब्दाच्या आधी (?<! आणि नंतर (?! असे दोन नकारात्मक गट ठेवून दोन्हींत देवनागरी ठोकळ्याची पूर्ण कक्षा द्यायची. म्हणजे शब्दाला लागून दुसरे देवनागरी चिन्ह नको, अशी अट होते. कक्षा ठरवताना शाळेतली वर्णमाला बाजूला ठेवावी. शाळेत ळ हा ह नंतर येतो, युनिकोडमध्ये तो ल आणि व यांच्या मधे आहे, त्यामुळे [क-ह] मध्ये ळ आपसूक येतो. मात्रा मात्र त्या कक्षेच्या बाहेर राहतात.

एकच अक्षर दोन रीतींनी साठवले जाण्याचा प्रश्नही गटांकडे येतो. ‘दऱ्या’, ‘शेतकऱ्याचा’ यांतला ऱ कधी स्वतंत्र कोडपॉइंट असतो, कधी र आणि नुक्ता अशी जोडी. ‘ॲ’ कधी एक चिन्ह असते, कधी अ वर चंद्र. पहिल्या जोडीला युनिकोड समान मानते, त्यामुळे मजकूर आणि नमुना दोन्ही आधी प्रमाण रूपात आणले की प्रश्न मिटतो. दुसरी जोडी युनिकोडच्या लेखी समान नाही, तिथे (?:ॲ|अॅ) असा गट लिहिण्यावाचून मार्ग नाही. प्रमाणीकरण नमुना पार्स करण्याआधी व्हायला हवे. पार्स झाल्यावर लांबी, क्रमांक आणि कक्षा ठरून गेलेल्या असतात.

शेवटी, पार्सर अडला की तो कुठे अडला हे कसे सांगतो, तेही समजून घ्यावे लागते. पुढच्या नमुन्यात बंद कंस राहिला आहे:

हिंगोली(?:त|ला|चा

पायथन सांगते, सातव्या स्थानी उघडलेला कंस मिटलेला नाही. मोजणी शून्यापासून आणि कोडपॉइंटने असल्यामुळे ‘हिंगोली’चे सात संपल्यावर येणारा कंस सातव्या स्थानी. रस्टचा पार्सर त्याच कंसाचे अंतर बाइटमध्ये मोजतो. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक कोडपॉइंटला तीन बाइट लागतात, म्हणून तिथे २१ येतात. आणि नमुना लिहिणारा पडद्यावर बोट ठेवून मोजतो तेव्हा कंसाच्या आधी तीन अक्षरे असतात.